मोनो सरोवराचे पाणी

अमेरिकेच्या पश्चिमेकडील कॅलिफोर्निया राज्यात मोनो नावाचे प्राचीन खारे सरोवर आहे. त्याला मिळणाऱ्या ओढ्यांचे पाणी १९४१ पासून दूरच्या लॉस एंजेलिस शहराकडे वळवण्यात आले. शहराची तहान खोटी नव्हती, परवानेही कायदेशीर होते. परंतु चार दशकांत सरोवराची पातळी सुमारे ४५ फुटांनी खालावली व खारटपणा दुप्पट झाला. १९७९ मध्ये नेगिट बेटापर्यंतची जमीन उघडी पडली. त्या वाटेने कायोटी हे कोल्ह्यासारखे प्राणी बेटावर शिरले आणि तेथील कुरव पक्ष्यांची वीण उद्ध्वस्त झाली.

डेव्हिड गेन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्येच ‘मोनो लेक कमिटी’ स्थापन केली होती. ‘नॅशनल ऑड्युबॉन सोसायटी’सह ती न्यायालयात गेली. सरोवर ही जनतेची ठेव असून शासन तिचे विश्वस्त आहे, म्हणून दिलेले परवानेही पुन्हा तपासता येतात, असा निर्णय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये दिला. (बियास नदीच्या खटल्यात १९९६ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही त्याचा दाखला घेतला.) १९९४ मध्ये राज्याच्या जलमंडळाने सरोवरासाठी ६,३९२ फूट पातळी ठरवून दिली. तीस वर्षांनंतरही सरोवर त्या पातळीपर्यंत पोहोचलेले नव्हते.