‘तालुका’ या शब्दाचा अर्थ आणि स्वदेशसंबंधाचा त्याग

परमार्गात अनुसरलेल्या साधकाने आपल्या देशाचा संबंध सोडावा, आपल्या गावाचा संबंध सोडावा आणि संबंधियांचा संबंध तर विशेषेकरून सोडावा, अशी सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींची आज्ञा आहे. ही आज्ञा वाचताना जिज्ञासूंच्या मनात एक शंका सहज उद्भवते. गाव कोणते ते कळते, संबंधी कोण तेही कळते. परंतु ‘देश’ म्हणजे नेमका किती प्रदेश? आजच्या भाषेत त्याला जिल्हा म्हणावे की तालुका? कर्जतचा साधक खालापुरास जाऊन राहिला, तर त्याने स्वदेशसंबंध सोडला असे होईल काय?

या शंकेचे समाधान करण्यापूर्वी प्रदेशविभागाचे जे शब्द आपल्या तोंडी आहेत, त्यांचा मूळ अर्थ पाहणे अगत्याचे आहे.

‘जिल्हा’ हा शब्द अरबी आहे. त्याच्या मुळाशी असलेल्या शब्दाचा अर्थ बरगडी, आणि त्यावरून बाजू, असा होतो. ‘महाल’ याचा मूळ अर्थ उतरण्याची जागा, ठिकाण. ‘तर्फ’ म्हणजे बाजू किंवा दिशा. बहमनी राज्यात ‘तरफ’ हा शब्द संपूर्ण प्रांताला लावीत. गुलबर्गा, दौलताबाद, बीदर व वऱ्हाड अशा चारच तरफा प्रारंभी होत्या. पुढे कोकणात तोच शब्द काही गावांच्या लहानशा समूहाला लागला. खालापूर तालुक्यात जांभिवली नावाची दोन गावे आहेत. एक तर्फ बोरेटी, दुसरे तर्फ छत्तिशी. नाव एकच असल्याने ओळख पटावी म्हणून तर्फेचे नाव जोडले जाते. तर्फेचा कारभार केव्हाच संपला, परंतु गावाच्या नावात ती राहून गेली. जो शब्द एके काळी प्रांताएवढा होता, तो दोन खेडी निराळी ओळखण्यापुरता उरला. यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी की, अशा शब्दांचे माप स्थिर नसते.

प्राचीन शब्दांचीही हीच गत आहे. उत्तर कोकणच्या शिलाहार राजांच्या लेखांत प्रदेशविभागाला ‘विषय’ म्हटले आहे. षट्षष्टि विषय म्हणजे सहासष्ट गावांचा विभाग. त्याचीच पुढे ‘साष्टी’ झाली. साधकाला ‘विषय’ म्हटले की शब्दस्पर्शादी इंद्रियविषय आठवतात. राजाच्या लेखनिकाला त्याच शब्दाने गावे व त्यांचे उत्पन्न आठवत असे.

आता ‘तालुका’. हा शब्द अरबी ‘तअल्लुक’ यापासून आला आहे. त्याचा धातू लोंबणे, चिकटणे, अडकून राहणे या अर्थाचा आहे. म्हणून ‘तअल्लुक’ म्हणजे संबंध, लगाव. आणि ‘तअल्लुका’ म्हणजे एखाद्या सत्तेशी अथवा धन्याशी जोडलेली, त्याच्याकडे लागू असलेली जमीन. अयोध्या प्रांतात त्याचा अर्थ जमीनदाराची मोठी इस्टेट असा झाला आणि तिचा धनी तालुकदार म्हणविला गेला. महाराष्ट्रात तोच शब्द मामलेदाराच्या कचेरीशी जोडलेल्या गावांना लागला. तात्पर्य, तालुका हे भूमीचे नाव नसून भूमीच्या संबंधाचे नाव आहे.

हा संबंध किती पालटणारा असतो, याचा दाखला कर्जत-खालापूरचाच घ्यावा. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये कर्जतचे वर्णन ठाणे जिल्ह्यातील तालुका म्हणून आहे. १९०८ च्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये तोच तालुका कुलाबा जिल्ह्यात असून खालापूर हा त्याचा पेटा, म्हणजे पोटविभाग, आहे. पुढे खालापूर स्वतंत्र तालुका झाला. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. एवढ्या काळात उल्हास नदी कर्जतवरून वाहावयाची राहिली नाही, पाताळगंगेने खोपोलीची वाट सोडली नाही, आणि बोरघाटही जागचा हलला नाही. शेतकरी आपल्या बांधावर उभा होता तेथेच उभा राहिला. त्याचा जिल्हा मात्र बदलला, तालुकाही बदलला.

तालुका हाच देश मानला, तर मोठा अनवस्था प्रसंग येईल. पेटा तोडून तालुका केल्याचा सरकारी हुकूम निघताच साधकाचा स्वदेश अर्धा होईल, आणि एक पाऊलही न उचलता त्याला त्यागाचे श्रेय मिळेल. आज्ञेचा असा अर्थ संभवत नाही.

पूर्वाचार्यांनी याचा निर्णय करून ठेवला आहे. त्यांनी ‘देश’ याचा अर्थ खंडमंडळ असा केला आणि भाषेच्या किंचित किंचित पालटावरून महाराष्ट्रातील खंडमंडळे ओळखावी असे सांगितले. ही सर्व मिळून महाराष्ट्रच. त्यामुळे महाराष्ट्रात असावे ही आज्ञा आणि स्वदेशसंबंध सोडावा ही आज्ञा यांत विरोध राहत नाही. आपले खंडमंडळ सोडून साधक दुसऱ्या खंडमंडळात राहू शकतो. येथे राजाची वा कचेरीची सीमा प्रमाण मानलेली नाही, बोली प्रमाण मानली आहे. कारण बोली जेथे आपली, तेथे ओळख आपली; आणि ओळख आली की तिच्यामागून मान, सोय व ममता येतात. त्या ‘मंडळ’ शब्दाचाही आज महसुली अर्थ झाला असून मंडळ अधिकाऱ्याकडे थोडीच गावे असतात. तो अर्थ आचार्यांच्या खंडमंडळावर लादू नये.

कर्जत व खालापूर येथील बोली, सोयरीक आणि बाजार एकमेकांत मिसळलेले आहेत. म्हणून कर्जतच्या साधकाने केवळ तालुक्याची हद्द ओलांडली, तर स्वदेशसंबंध सुटला असे म्हणता येणार नाही, हेच वरील शंकेचे उत्तर होय.

येथे एक सावधगिरी हवी. सूत्रातील ‘संबंध’ आणि कचेरीतील ‘तालुका’ यांचा ऐतिहासिक संबंध नाही. एक संस्कृत, दुसरा अरबी. एक मोक्षमार्गातील, दुसरा महसुलातील. परंतु दोहोंचा अर्थ एकाच ठिकाणी येतो, आणि तो साधकास उपयोगी आहे. आज्ञेत त्यागावयाचा पदार्थ माती नव्हे. त्यागावयाचा पदार्थ संबंध आहे. दूर देशी जाऊनही जो गावाकडच्या वार्तेची वाट पाहतो, येणाऱ्याजाणाऱ्यास आपल्या शेताचा व घराचा समाचार पुसतो, त्याचे शरीर दुसऱ्या मंडळात असले तरी मन जुन्याच तालुक्यात नोंदलेले आहे.

तरी देशत्याग अनावश्यक, असा उलट अर्थही कोणी काढू नये. संबंध मनात असला तरी तो पोसला जातो नित्याच्या दर्शनाने व संभाषणाने. म्हणून आधी स्थळ सोडावयाचे, ते मनातील संबंध सुटावा म्हणून.

वासनिकाला घर व शेत सोडण्याची ही आज्ञा नाही. त्याने आपली नोंद बिनचूक ठेवावी, सारा वेळेवर भरावा. मात्र बांधाच्या हातभर जागेसाठी भावाशी वैर धरण्याचा प्रसंग आला, तर ‘तालुका’ या शब्दाचा अर्थ आठवावा. कागदावरचा संबंध हुकुमाने तुटतो आणि हुकुमाने जोडला जातो. मनातला संबंध ज्याचा त्यालाच सोडावा लागतो.