भीमेच्या पाण्यावरील वाट

दख्खनच्या पठारावरील नद्या जलवाहतुकीस निरुपयोगी आहेत, असे आपण शाळेत शिकतो. शिरूर व दौंड तालुक्यांपुरते हे विधान आज अर्धेच खरे आहे.

भीमा, घोड व मुळा-मुठा या नद्यांचे मूळ पाणी पावसाळ्याचे. चार महिने लोंढा, पुढे उघडा पडणारा कातळ. त्यामुळे येथील नाव नदीच्या लांबीने फारशी चाललीच नाही; ती रुंदीने चालली. पैलतीरी नेणारी तर, भोपळ्यांची सांगड आणि वेळप्रसंगी गुऱ्हाळातील काहील, ही इकडील जुनी साधने होत. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग भीमा ओलांडून गेला. गावोगावचे उतार मात्र तसेच राहिले.

रांजणगाव सांडसच्या परिसरात मुळा-मुठा भीमेस मिळते. तेथून सकाळी नाव सोडून सायंकाळी दौंड गाठावे, असा मोह नकाशा पाहून होतो. पाणी पुष्कळ दिसते. पण ते कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी अडविलेले आहे. उसाला जीवन देणारा बंधारा नावेची वाट बंद करतो. मधल्या डोहांत जलपर्णी माजली की वल्हेही चालत नाही. २०१६ च्या कायद्याने घोषित झालेल्या १११ राष्ट्रीय जलमार्गांत भीमेचे नाव आहे, परंतु तो भाग कर्नाटक-तेलंगणातील आहे.

दौंडच्या खाली, पेडगावच्या भुईकोटाला वळसा घालून नदी पुढे गेली की चित्र पालटते. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा येथवरच्या मुलखाला भिडतो. धरणाच्या सुमारे ११७ अब्ज घनफूट साठ्यापैकी सुमारे ६३ अब्ज घनफूट मृत साठा आहे. पाणी उतरले की काठ दूर सरकतो, पळसदेवचे बुडालेले मंदिर वर येते आणि कालचा धक्का आज चिखलात राहतो. पक्का धक्का बांधणे म्हणूनच अवघड.

या विस्तीर्ण पाण्याने जुने रस्ते बुडविले. पैलतीरीच्या बाजाराला व दवाखान्याला जाणारा माणूस मच्छीमारांच्या होडीत बसू लागला. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जणांना जलसमाधी मिळाली. मोकळ्या पाण्यावर वारा लांबून धाव घेतो, लाटा आखूड व उभ्या उठतात आणि सपाट तळाची उघडी होडी पाणी घेते. वळिवाचा वारा बहुधा दुपारनंतरचा. चैत्र-वैशाखातील प्रवास सकाळीच उरकावा, हा नावाड्यांचा जुना संकेत निराधार नाही.

१९१७ चा कायदा रद्द करून आलेल्या अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ मध्ये बिनयंत्राच्या नावांसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत आणि त्यांविषयीची काही कामे राज्य शासनाला स्थानिक संस्थांकडे सोपविता येतात. काठावरच्या ग्रामपंचायतीने हा भाग अवश्य वाचावा. नावेच्या कुशीवर भाराची रेघ रंगविणे, माणशी एक तरंगते जाकीट ठेवणे आणि वारा सुटताच फेरी थांबविणे, यासाठी तर अधिसूचनेची वाट पाहण्याचेही कारण नाही.