टिटवीची अंडी आणि माझा आडोसा

संगमनेरहून पुण्याच्या रस्त्याला लागून चंदनापुरी घाट चढला की पठार भाग सुरू होतो. मुरमाड माळ, खुरटं गवत, मधूनच बाभळी-बोरी आणि एखादा पाझर तलाव. पक्ष्यांचे फोटो काढायला मी इथे बरीच वर्षं जातो आहे. जवळून फोटो काढायचा तर आडोसा कोणता घ्यावा, असं नवी मुलं मला विचारतात. मी उत्तर देतो, पण त्याआधी एका एप्रिलमध्ये या माळावर माझ्या हातून काय झालं ते सांगतो. ते न सांगता नुसता सल्ला देणं मला बरोबर वाटत नाही.

त्या वर्षी मी नवा तंबू घेतला होता. पिशवीतून काढला की फटकन उघडणारा, हिरव्या पानांच्या छापाचा. आम्ही फोटो काढणारे त्याला 'हाइड' म्हणतो. मराठीत लपण म्हणा, आडोसा म्हणा. तंबूच्या खोक्यावर एक माणूस आत बसून हाताच्या अंतरावरच्या पक्ष्याचा फोटो काढताना दाखवला होता. ते चित्र माझ्या मनात घर करून बसलं.

एका पाझर तलावाच्या काठी टिटवीचं घरटं मी हेरून ठेवलं होतं. घरटं म्हणजे खडे आणि लेंड्यांची कड असलेला उथळ खळगा, त्यात मातकट रंगाची, काळे डाग असलेली चार अंडी. सकाळी नऊच्या सुमारास पोचलो आणि घरट्यापासून जेमतेम पंधरा फुटांवर तंबू उघडला. टिटवी उठली आणि डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली. मी आत शिरलो, चेन ओढली, ट्रायपॉड मांडला आणि वाट पाहत बसलो. आता मी दिसत नाही म्हणजे ती येईल, असा माझा हिशेब होता.

ती आली नाही. नर-मादी दोन्ही लांब उभी राहून ओरडत होती. चार पावलं पुढे यायची, तेवढ्यात वाऱ्याने तंबूचं कापड फडफडायचं आणि ती पुन्हा उडायची. दहा वाजले, अकरा वाजायला आले. आणखी थोडं थांबलो की त्यांना सवय होईल, असं मी स्वतःला सांगत राहिलो. आत घामाने भिजलो होतो, पण त्या उन्हात उघडी पडलेली अंडी किती तापली असतील हे माझ्या मनात आलं नाही.

शेवटी बाहेरून आवाज आला. मेंढरं घेऊन निघालेले एक म्हातारे बाबा काठी टेकून उभे होते.

"दादा, आत बसलाय व्हय? ती टिटवी कव्हापासनं बोंबलतीय. आंडी भाजत्यात तिची. निघा भाईर."

मी बाहेर आलो. बाबा चिडले नव्हते. समजावल्यासारखं म्हणाले, "या दिसांत ती ऊब द्यायला बसत न्हाई. पोट भिजवून येती आन् गारवा द्यायला बसती."

ही गोष्ट मी पुस्तकात वाचलेली होती. टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते, रणरणत्या उन्हात अंड्यांवर सावली धरून उभी राहते. वाचलेलं माझ्या उपयोगी पडलं नाही, कारण त्या वेळी मला फक्त फोटो दिसत होता. तंबू गुंडाळून मी निघालो. चार दिवसांनी लांबून दुर्बिणीने पाहिलं. अंडी तशीच होती, जवळ कुणी नव्हतं. आठवड्याने पुन्हा पाहिलं, तरी तेच. फोटो मला एकही मिळाला नव्हता, आणि मिळाला असता तरी तो कुणाला दाखवायचं तोंड मला नव्हतं.

आपल्याकडे म्हण आहे, टिटवी देखील समुद्र आटविते. अंड्यांसाठी समुद्राशी झगडणारा म्हणून ज्या पक्ष्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकतो, त्याच्या घरट्यासमोर मी दोन तास बसलो होतो. पुढे कायदाही वाचला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना बाधा आणणंही येतं. मी बंदूक घेऊन गेलो नव्हतो, पण जे केलं ते त्या व्याख्येत बसत होतं.

मेंढरांनी दाखवलेली गोष्ट

त्याच सकाळी आणखी एक गोष्ट दिसली. बाबांची मेंढरं तलावाच्या दुसऱ्या कडेने चरत गेली, तेव्हा चिखलातले शेकाटे जरा बाजूला सरकले, पण उडाले नाहीत. एवढा मोठा कळप त्यांना चालला आणि माझा गप्प बसलेला तंबू टिटवीला चालला नाही. मेंढरं तिथे रोज येतात आणि एका चालीने जातात. तंबू तिथे काल नव्हता, आणि वाऱ्याबरोबर तो हलत होता. आपण पक्ष्याला दिसतो की नाही, यापेक्षा आपण त्याला खटकतो की नाही हे बघायचं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

ही समज जुनी आहे. आपल्याकडे फासेपारधी शिकवलेल्या गाईच्या आडून तित्तर-लाव्यांपर्यंत जात असत. इंग्लंडमधल्या रिचर्ड आणि चेरी कर्टन या भावांनी १९०० च्या सुमारास पोकळ सांगाड्यावर बैलाचं कातडं चढवलं आणि आत लपून पक्ष्यांचे फोटो काढले. पारध्यांनी आणि या भावांनीही पक्ष्याच्या ओळखीचं जनावर निवडलं. सलीम अलींनी १९३० साली किहीमला शिडीच्या टोकावर कापडी आडोसा बांधून सुगरणींच्या घरट्यांचा अभ्यास केला. ते घरट्यांजवळ बसले हे खरं, पण तिथे ते रोज तासन् तास, पूर्ण हंगामभर बसत होते, आणि सुगरण नर अर्धवट घरटी बांधून माद्यांना कसा बोलावतो हे त्यातून जगाला कळलं. एका फोटोसाठी दोन तास बसणाऱ्या माणसाने त्यांचा दाखला देऊ नये.

कुठे काय न्यावं

रस्त्यालगतचे पक्षी असतील तर आडोसा विकत घेऊच नका. गाडी हाच उत्तम आडोसा. तारेवरची कापशी, माळावरचे चंडोल, धाविक यांना रस्त्यावरची गाडी ओळखीची असते. इंजिन बंद करा, काच आधीच खाली घ्या आणि खिडकीवर ज्वारी किंवा तांदूळ भरलेली पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा. दार मात्र उघडू नका. माणूस खाली उतरला की खेळ संपतो.

चालत फिरायचं असेल तर अंगावर घ्यायचं जाळीचं आच्छादन बरं. हलकं असतं आणि पाठपिशवीत मावतं. झुडपाला पाठ लावून बसा आणि डोकं, हात, लेन्स सगळं त्याखाली घ्या. उघड्यावर बसलात तर नुसतं कापड ओढून माणसाचा आकार लपत नाही. पानं-चिंध्या शिवलेला घिली सूट मात्र आपल्या माळासाठी घेऊ नका. बाभळी-बोरीच्या काट्यांत तो अडकतो आणि एप्रिलच्या उन्हात त्यात जीव गुदमरतो.

एकाच जागी पुन्हा पुन्हा बसायचं असेल तरच तंबू घ्या, आणि घेताना या गोष्टी तपासा.

कापड ताणून बसतं का ते आधी पाहा. सैल कापड फडफडणारच. तंबूसोबतच्या पातळ खुंट्या मुरमात शिरत नाहीत, वाकतात. लांब लोखंडी खिळे न्या, नाहीतर चारही कोपऱ्यांना पिशव्या बांधून त्यांत दगड भरा.

रंग आपल्या जमिनीचा हवा. बाजारातले बहुतेक छाप परदेशातल्या हिरव्या रानांसाठी काढलेले असतात. आपला माळ दिवाळीनंतर पिवळा पडतो आणि पाऊस येईपर्यंत तसाच राहतो. माझ्या हिरव्या तंबूवर आता गोणपाटाचे तुकडे शिवले आहेत. ते छापील पानांपेक्षा चांगले मिसळतात आणि चमकतही नाहीत. लष्करी गणवेशासारखा छाप टाळा. गावात उगाच संशय येतो.

खिडक्या चेनच्या किंवा बटणांच्या घ्या. वेल्क्रोची चिकटपट्टी उघडताना होणाऱ्या चर्र आवाजाने समोरचा पक्षी गेलाच म्हणून समजा. मागची खिडकी बंदच ठेवा. ती उघडी राहिली की मागच्या उजेडात तुमची सावली हलताना समोरून स्पष्ट दिसते. आतलं कापड काळं असेल तर उत्तम. लेन्स एकदा बाहेर काढली की तिथेच राहू द्या, आत-बाहेर करू नका. कॅमेऱ्यात निःशब्द शटर असेल तर तेच वापरा.

कापड आणि अंगावरचे कपडे नीळ किंवा पांढरेपणा आणणाऱ्या पावडरीत धुऊ नका. त्या पावडरीतली द्रव्यं अतिनील किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकतात. आणि अनेक पक्ष्यांना अतिनील किरणही दिसतात, जे आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. साध्या पाण्यात धुवा.

विकत घेतल्यावर आधी अंगणात लावा. घरातल्या कुणाला पन्नास फुटांवर उभं करा आणि आत बसून नेहमीसारखे हात हलवा. त्यांना जे जे दिसलं, ऐकू आलं, ते पक्ष्याला त्याहून लवकर कळेल.

कसं बसावं

तंबू लांब लावा आणि दोन-तीन दिवस रिकामाच राहू द्या. पक्षी त्याच्या आसपास चरू लागले तरच थोडा पुढे घ्या. आत जाताना जोडीदाराला बरोबर न्या. तुम्ही आत बसा, तो परत जाऊ दे. माणूस गेला असं समजून बरेच पक्षी निवांत होतात. बाहेर पडतानाही तोच येऊन तुम्हाला घेऊन जाऊ दे.

जागा चरण्याची निवडा. घरट्याजवळ कधीच नको. पाणवठ्यावरही विचार करून बसा. पखुर्डी पाण्याला ठरलेल्या वेळी येते आणि नर पोटाच्या पिसांत पाणी भरून पिलांसाठी नेतो. मे महिन्यात पंचक्रोशीत एकच डबकं उरलं असेल आणि त्याच्या तोंडाशी तुम्ही बसलात, तर पिलं तहानलेली राहतात.

अभयारण्यात वनविभागाची परवानगी लागते. नांदूर मध्यमेश्वरसारख्या ठिकाणी निरीक्षण मनोरे बांधलेले आहेत, तिथे आपला तंबू लावायची गरजच नाही.

स्वतःचा जीवही सांभाळा. पहाटे उसाच्या कडेला लपून बसू नका. शेजारच्या अकोले तालुक्यात झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शेतीच्या पट्ट्यात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले होते. ऊस आमच्याकडेही आहे. उजाडल्यावर जा आणि बसकं, माणसासारखं न दिसणारं रूप घेऊन उसाजवळ राहू नका. प्रवरा नदीच्या पात्रात तंबू लावायचा असेल तर भंडारदरा-निळवंडे धरणांचं आवर्तन सुटलं आहे का ते गावात विचारा. रात्रीतून पाणी वाढतं. ज्याचं रान आहे त्याला सांगूनच बसा, आणि तंबूत शिरण्याआधी काठीने जमीन चाचपून विंचू-साप पाहा.

आता माझा तंबू घरट्याच्या आसपास जात नाही. काही फोटो कमी मिळतात, ते मला मान्य आहे. त्या बाबांची पुढे पुन्हा भेट झाली, तेव्हा तंबू चरायच्या जागेपासून साठ फुटांवर होता आणि समोर शेकाटे निवांत चरत होते. बाबा थांबले, बघितलं आणि मेंढरं घेऊन पुढे गेले. काही बोलले नाहीत.

तुम्हीही आडोसा घ्यायला निघाला असाल तर एवढं ध्यानात ठेवा. कितीही महागाचं कापड असो, पक्षी मान उंचावून उभा राहिला, ओरडत राहिला, पंख मोडल्याचं सोंग करून तुम्हाला लांब नेऊ लागला किंवा पंधरा मिनिटांत परत आला नाही, तर तुमचा आडोसा फसला आहे. सवय होईल म्हणून थांबू नका. उठा, आणि निघा.