जमखंडीची नारिंगी रेषा

सोलापूर

चि. भाचीस,

परिषदा आणि कार्यशाळांची पत्रकं पाठवून ‘यातल्या कुठे जाऊ?’ असं तू विचारलंस. त्याआधी आपल्या शेजारच्या मुलखातली एक हकीकत वाच.

18 ऑगस्ट 1868. खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावरून विजापूरच्या बाजूने गुंटूर, मच्छलीपट्टणकडे सरकत गेली. सोलापूरहून विजापूर ओलांडून पुढे गेलं की जमखंडी लागते. तेव्हा ते पटवर्धनांचं संस्थान. तिथे लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक लावून बसला होता. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू. आभाळात ढग होते. ढग जरा फाटले, सूर्याच्या कडेवरची ज्वाळा दिसली आणि तेवढ्या वेळात त्याने तीन तेजस्वी रेषा टिपल्या: लाल, नारिंगी, निळी. नारिंगी रेषा ही सोडियमची ‘डी’ रेषाच आहे, निदान आपल्या उपकरणाच्या ताकदीपुरती तरी यात शंका नाही, असं त्याने कळवलं.

ती सोडियमची नव्हती. सोडियमची जोडरेषा 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरवर येते, ही 587.6 वर होती. रेषा हेलियमची होती, आणि हेलियम तेव्हा कोणालाच माहीत नव्हता. इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरने ती सोडियमपासून वेगळी ओळखली. पृथ्वीवर हेलियम रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झेच्या हाती लागायला 1895 उजाडलं.

हर्शेल खोटं बोलला नाही, आळसही केला नाही. उपकरणाची मर्यादा त्याने स्वतःच लिहून ठेवली, हे त्याचं मोठेपण. पण जमखंडीत ‘जरा पुन्हा मोजून बघू या’ म्हणणारा वर्णपटाचा दुसरा जाणकार शेजारी नव्हता. त्याच ग्रहणात गुंटूरला बसलेल्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेनच्या लक्षात आलं, की ग्रहण नसतानाही या ज्वाळा पाहता येतील. त्याचं पत्र पॅरिसच्या अकादमीपुढे आलं थेट ऑक्टोबरच्या अखेरीस, लॉकियरनेही इंग्लंडमधून तेच कळवलं तेव्हा. जाणकारांनी एका जागी जमण्याची गरज यातून नीट कळते. रामन यांनी ती पुरती ओळखली होती. 28 फेब्रुवारी 1928 ला ‘रामन परिणाम’ दिसला आणि 16 मार्चला ते बंगळूरच्या सभेत त्यावर व्याख्यान देत होते. त्या शोधाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, 1978 मध्ये, रामन वर्णपटशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद बंगळूरलाच भरली; 2012 मध्ये ती पुन्हा तिथे आली.

आता तुझं काम. डाळिंबातले कीडनाशकांचे अंश मोजायचे, तेही सोलापुरात, जिथल्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे आणि जिथे डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रच आहे. याहून चांगला विषय कोणता? युरोपात ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे 0.01 मिलिग्रॅम हीच मर्यादा. त्या एका शून्याच्या मागेपुढे शेतकऱ्याचा कंटेनर पास होतो किंवा अडकतो. 2010 साली महाराष्ट्रातल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट सापडलं आणि युरोपात माल अडकला. वाढ रोखणारं हे रसायन पाण्यात सहज विरघळतं, आयनरूपात असतं. नेहमीच्या अर्क काढण्याच्या पद्धतीत ते नीट हाती लागत नाही, त्याला वेगळी पद्धत लागते. जे शोधायचं ठरवलेलंच नाही, ते यंत्र आपण होऊन सांगत नाही. अशी गोष्ट बहुधा कोणीतरी चहाच्या सुट्टीत बोलता बोलता सांगतो, आणि ती ऐकायला तू तिथे असायला हवीस.

म्हणून आधी कार्यशाळा, मग परिषद. जिथे तीसच जण घेतात आणि यंत्राला हात लावू देतात, अशी कार्यशाळा निवड. मुंबईच्या आयआयटीत आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात अत्याधुनिक उपकरणांची केंद्रं आहेत, तिथे काय होणार आहे ते विचारत राहा. महागड्या हॉटेलात, एकाच दिवशी भौतिकशास्त्रापासून व्यवस्थापनापर्यंत सगळे विषय, आणि पैसे भरले की दोन दिवसांत निबंध मंजूर, असं पत्रक दिसलं की बाजूला ठेव. वैज्ञानिक समितीतली नावं शोध. त्यांतल्या एकाला तरी तू वाचलेलं असलं पाहिजेस. प्रमाणपत्रं भिंतीवर लावायला पुष्कळ मिळतील, पण त्यांनी तुझी रिकव्हरी, म्हणजे नमुन्यात घातलेल्या औषधातलं जेवढं मोजणीत परत हाती येतं ते, सुधारणार नाही.

जाताना एक अडलेला प्रश्न घेऊन जा. तुझा तर तयारच आहे. दाण्यांच्या अर्काचा लाल रंग घालवायला तू नळीत ग्राफाइटी कार्बनची काळी पूड टाकतेस. नळी हलवायची, सेंट्रिफ्यूज करायची, की वरचा द्रव पाण्यासारखा नितळ. बघायला छान वाटतं. पण ती पूड रंगाबरोबर कार्बेन्डाझिमसारखे सपाट रेणूही धरून ठेवते, आणि तुझी रिकव्हरी 70 टक्क्यांच्या खाली येते. रंग थोडा राहू द्यावा की औषध गमवावं? पूड निम्मी केली तर? पोस्टरवर हे उघड मांड, घसरलेल्या आकड्यासकट. शेजारी औषध न मारलेल्या डाळिंबाचा क्रोमॅटोग्राम लाव. गुळगुळीत निकालांच्या पोस्टरपुढे लोक मान डोलावून पुढे जातात. अडलेल्या पोस्टरपुढे थांबतात, पेन काढतात.

आणि एखाद्या ज्येष्ठाने सगळ्यांदेखत चूक दाखवली तर डोळ्यांत पाणी आणू नकोस. वहीत लिहून घे, संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन पुन्हा विचार. नाव, पत्ता, कोणता कॉलम, किती तापमान, सगळं त्याच दिवशी लिही.

मुंबईची कार्यशाळा ठरली तर सिद्धेश्वर एक्स्प्रेसने जा, सकाळी पोचतेस. नमुने नेऊ देतात का, ते आयोजकांना आधी विचार. देत असतील तर दाणे सोलून, गोठवून, बर्फाच्या डब्यात ने, आणि झाकणावर बागेचं नाव व फवारणीची तारीख पेन्सिलीने लिही. शाई ओलीने पसरते. शेंगाचटणीची पुडी आईने बांधून ठेवली आहे. ती मात्र नमुन्यांच्या डब्यात ठेवू नकोस.

तुझा,
मामा