तळापर्यंत उकरून पाहा

अमेरिकेत जुन्या लष्करी रायफली चालवणारे मराठी लोक मला आता बरेच भेटतात. भेटेल त्याला मी एक गोष्ट सांगत असतोच, तेव्हा ती एकदा लिहूनच टाकतो. जुन्या लष्करी काडतुसांचा सीलबंद डबा म्हणजे खात्रीचा माल, असं अजिबात समजू नका. सील नवं असू शकतं आणि लेबल कुणीही छापून चिकटवतं.

माझी रायफल इशापूरची, थ्री नॉट थ्री ली-एनफिल्ड. माझं लहानपण खडकीत गेलं. काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ दिसलं की ते आमच्या खडकीच्या, म्हणजे जुन्या किर्कीच्या कारखान्याचं, १८६९पासूनच्या त्या भिंतींमागचं, हे मला कुणी सांगावं लागत नाही. ओहायोतल्या एका गन शोमध्ये बोलता बोलता हे तिथल्या एका विक्रेत्याला कळलं आणि त्याने तेवढंच धरलं. टेबलाखालून केएफची एक रिकामी पुंगळी काढून माझ्या हातात ठेवली. ‘तुमच्या गावची आहे, ठेवा, पैसे नकोत.’ मग हळूच काडतुसांचा डबा पुढे सरकवला.

मी तीन प्रश्न विचारले. सगळा माल एकाच लॉटचा आहे का? काडतुसाच्या बुडातली कॅप गंज आणणारी आहे का? इतकी वर्षं हा ठेवला कुठे होता? उत्तरं तयारच होती: एकच लॉट, गंजाचा प्रश्नच नाही, कोरड्या गोदामातला माल. झाकण उघडलं तर वर ग्रीसमध्ये बनलेली एचएक्सपी ठशाची काडतुसं, चकचकीत. ती चांगलीच असतात. कॅपही गंज न आणणारी. मी खालचा थर पाहायला हात घातला तसा त्याने डब्यावर पंजा ठेवला. ‘थर विस्कटला की भाव पडतो, मित्रा.’ मी म्हटलं, मग पावतीवर लिहून द्या. त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलं: एक लॉट, नॉन-कोरोझिव्ह. ती पावती आजही माझ्याकडे आहे.

रेंजवर वरची काडतुसं उत्तम चालली. मग खालच्या थरातली भरली. चाप ओढला, ‘खट्’ असा कोरडा आवाज आला आणि पुढे काहीच नाही. अशा वेळी हात आपोआप बोल्टकडे जातो, कारण काडतूस फुकट गेलं की बोल्ट मागे ओढून ते बाहेर टाकायची सवय अंगात भिनलेली असते. माझा हात जागचा हलायच्या आत गोळी सुटली. मधे जेमतेम अर्धा सेकंद गेला असेल. पण त्या अर्ध्या सेकंदात ली-एनफिल्डचा बोल्ट उघडला असता, आणि या रायफलीची ख्यातीच बोल्ट झपाट्याने फिरवता येतो अशी आहे, तर ते काडतूस चेंबरबाहेर माझ्या तोंडापाशी फुटलं असतं. पुढचंही तसंच, आधी खट्, मग धडाम. त्याच्या पुढचं तर सुटलंच नाही. नळी मातीच्या बांधाकडे तशीच रोखून मी पूर्ण तीस सेकंद थांबलो, मग ते काढलं आणि भरलेली सगळी काडतुसं उतरवून ठेवली.

खाली पडलेल्या पुंगळ्या वेचून घरी आणल्या आणि नंतर नीट पाहिल्या तेव्हा माल कसला आहे ते समोर आलं. बुडावर दोन वेगळ्या देशांचे ठसे, सालं तर त्याहून जास्त. काही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. काहींच्या मानेवर केसासारखी उभी चीर. टॉर्च मारून आत पाहिलं तर एचएक्सपीत कॅपसाठी मधोमध एक भोक आणि या जुन्यांत दोन बारीक भोकं. म्हणजे बर्डन पद्धतीची कॅप. या वयाच्या ब्रिटिश पद्धतीच्या काडतुसात बर्डन कॅप दिसली की ती गंज आणणारीच समजून चालावं.

पण तोवर रायफल मी पावतीवर विश्वास ठेवून नेहमीसारखीच साफ केली होती, सॉल्व्हंट आणि तेल. त्याच आठवड्यात नळीत डोकावलो तर नारिंगी लव उगवलेली. ती घासून निघाली. खालचे खड्डे राहिले आणि ते आता कायमचे. जुन्या कॅपमध्ये पोटॅशियम क्लोरेट असतं. बार उडाला की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होऊन नळीला चिकटतं, आणि हा क्षार मिठासारखाच हवेतलं पाणी ओढतो. ओहायोचा उन्हाळा दमट. तेलात क्षार विरघळत नाही. तो विरघळतो पाण्यात. म्हणून जुनं काडतूस चालवल्यावर त्याच दिवशी नळीतून भरपूर गरम पाणी ओता, बोल्टचं तोंडही धुवा, खडखडीत कोरडं करा आणि मगच तेल लावा. अमोनियावाले क्लीनर क्षार मारतात असं रेंजवर छातीठोक सांगणारे भेटतील. क्षार निघतो तो त्यातल्या पाण्यामुळे.

घरी काही गोळ्या उपसून पाहिल्या. जुन्यांत कॉर्डाइट निघालं, शेवयांसारख्या काड्यांची जुडी. एचएक्सपीत बारीक दाणेदार दारू. एकाच डब्यात, एकाच लेबलखाली. बुडावर आकडा ‘VII’ म्हणजे सातवा मार्क आणि त्याच्यापुढे इंग्रजी झेड असेल तर आत नायट्रोसेल्युलोज, झेड नसेल तर कॉर्डाइट. विक्रेत्याला हे माहीत नसेल, हे मला पटत नाही. तो वर्षानुवर्षं हाच धंदा करतोय.

फोन केला तर म्हणाला, तुमच्या रायफलीची स्प्रिंग मेली असेल, भारतीय रायफली तशाच असतात. स्प्रिंग नवी होती. तरी मी गनस्मिथकडून फायरिंग पिनचा ठोका आणि हेडस्पेस दोन्ही तपासून घेतलं. दोन्ही ठणठणीत. हे सांगितल्यावर त्याने विषय बदलला.

म्हणून डबा घ्यायचा तर पैसे देण्याआधी तळापर्यंत उकरा. विक्रेता अडवत असेल तर तिथेच सोडा. प्रत्येक थरातल्या एखाद्या काडतुसाचं बूड वाचा. मानेवर नख फिरवा, भिंगातून पाहा. पितळ असं का चिरतं याचं कोडं इंग्रजांना आपल्याकडेच पडलं होतं. पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेली काडतुसं तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळात दबलेला ताण मिळून ते होतं, हा उलगडा १९२१ साली झाला. तेव्हा माल कोणत्या साली बनला यापेक्षा तो मधली वर्षं कुठे पडून होता, हे महत्त्वाचं. नेमकं तेच लेबलवर नसतं.

एखादी गोळी उपसून दारूचा वास घ्या. आंबट, नाकाला झोंबणारा वास आला, तांबूस धूळ दिसली किंवा पितळ आतून हिरवं पडलेलं असलं, तर तो सगळा लॉट बाद. कॅपची शंका असेल तर गोळी आणि दारू काढलेली नुसती कॅपची पुंगळी रायफलीत घालून रेंजवरच स्वच्छ पोलादी पट्टीजवळ उडवा आणि पट्टी काही दिवस दमट जागी ठेवा. गंज चढला की उत्तर मिळालं. गोळीला लोहचुंबक लावून पाहा. चिकटली तर बऱ्याच रेंज ती चालवू देत नाहीत. टोकाला रंग असेल तर तो कशाचा हे कळेपर्यंत भरू नका. ती ट्रेसर असू शकते, आणि ट्रेसरने वाळलं गवत पेटतं.

बाराचा आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर दुसरी गोळी मारायची नाही. रायफल रिकामी करून, बोल्ट काढून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहायचं. आत अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी मारली की नळी फाटते. चष्मा डोळ्यांवर, कानांवर संरक्षण हवंच. आणि डबा घेताना पैसे शक्यतो कार्डाने द्यावेत.

शेवटी अर्धे पैसे परत देतो, डबा आणून द्या, असं तो विक्रेता म्हणाला. मी नेला नाही. तीच काडतुसं वर एचएक्सपीचा नवा थर रचून त्याने पुढच्या शोमध्ये दुसऱ्याला विकली असती. सगळा माल रेंजच्या सेफ्टी ऑफिसरकडे नष्ट करायला दिला आणि पावतीची एक प्रत शो भरवणाऱ्यांकडे दिली.