आधी आराखडा, मग आज्ञावली

घर बांधायचे ठरले, की गवंडी येण्यापूर्वी नकाशा तयार होतो. कागदावरची भिंत खोडरबराने पुसता येते. विटांची भिंत पाडायला पहार लागते. संगणकासाठी आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, लिहिणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. पण त्यांची अडचण थोडी अधिक असते. आपल्याला किती खोल्या हव्यात हे घरमालकाला बहुधा ठाऊक असते. आज्ञावली मागणाऱ्याला मात्र नेमके काय हवे होते, ते ती वापरून पाहिल्यावरच कळते! मग आराखडा आधी पुरा करावा, की काम सुरू करून सुधारत जावे? एका उदाहरणाने हे पाहू.

चौकटी आणि रेघा

असे समजा, की तुमच्या शाळेच्या ग्रंथालयासाठी तुम्हाला आज्ञावली तयार करायची आहे. वहीत एक चौकट काढा व तिचे आडवे तीन भाग करा. वरच्या भागात नाव लिहा : ‘विद्यार्थी’. मधल्या भागात त्याची माहिती : नाव, इयत्ता, हजेरी क्रमांक. खालच्या भागात तो काय करतो ते : पुस्तक नेणे, परत करणे. अशीच दुसरी चौकट ‘पुस्तक’ या नावाची काढा आणि दोन्ही एका रेघेने जोडा. एका विद्यार्थ्याला एका वेळी दोनच पुस्तके मिळतात, म्हणून रेघेच्या पुस्तकाकडील टोकाशी ‘० ते २’ लिहा. एक पुस्तक एका वेळी एकाकडेच असणार, म्हणून विद्यार्थ्याकडील टोकाशी ‘० ते १’ लिहा.

अशा चित्रांची एक ठरावीक भाषाच आहे. तिचे नाव ‘युनिफाइड मॉडेलिंग लँग्वेज’, थोडक्यात ‘यूएमएल’. १९९७ साली ‘ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप’ या संस्थेने ती प्रमाण म्हणून स्वीकारली.

आता हे चित्र ग्रंथपाल बाईंना दाखवा. त्या कदाचित म्हणतील, “अरे, ‘श्यामची आई’च्या आपल्याकडे पाच प्रती आहेत. एकाने एक नेली, तर उरलेल्या चार कपाटातच असतात ना?”

चूक सापडली! तुमच्या चित्राप्रमाणे एका मुलाने ‘श्यामची आई’ नेले, की संगणक इतरांना ‘पुस्तक शिल्लक नाही’ असे सांगत बसला असता. म्हणजे ‘पुस्तक’ आणि ‘प्रत’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शीर्षक व लेखक पुस्तकाच्या चौकटीत राहतील. दाखल क्रमांक प्रतीच्या चौकटीत जाईल. विद्यार्थ्याकडून येणारी रेघ आता प्रतीला जोडावी लागेल. कागदावर हे काम पाच मिनिटांचे आहे. पण आज्ञावली लिहून झाल्यावर हीच चूक कळली असती, तर नोंदी, दंड, शोध असे सर्वच भाग पुन्हा तपासावे लागले असते.

छोट्या फेऱ्या

सगळे चित्र पुरे करून मगच लिहायला बसावे, असे तुम्हाला वाटेल. पण तसे केले, तर बाईंच्या हाती बरेच दिवस काहीच पडत नाही, आणि तेवढ्यात नियमही बदलतात. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात सतरा जाणकार एकत्र आले व त्यांनी ‘अ‍ॅजाइल’, म्हणजे चपळ, पद्धतीचा जाहीरनामा लिहिला. या विचाराने चालणाऱ्या ‘स्क्रम’ पद्धतीत काम छोट्या फेऱ्यांत करतात. अशा फेरीला ‘स्प्रिंट’ म्हणतात. ती महिनाभराची किंवा त्याहून कमी असते. पहिल्या फेरीत फक्त देवघेव, दुसरीत दंड, तिसरीत पुस्तकांचा शोध. प्रत्येक फेरीअखेर बाई आज्ञावली वापरून पाहतात. चित्रही त्या फेरीपुरते पुरे करायचे; बदल झाला, की आधी चित्रात करायचा.

कामाचेही एक चित्र भिंतीवर लावता येते. फळ्याचे तीन रकाने करा : ‘करायचे’, ‘चालू’, ‘झाले’. प्रत्येक कामाची चिठ्ठी पुढे सरकवत न्या. ‘चालू’मध्ये चिठ्ठ्यांची गर्दी झाली, की काम कोठे अडले आहे ते लगेच दिसते.

पुण्यातला अनुभव

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १९८१ साली पुण्यात एक संशोधन केंद्र स्थापन केले. तेथील संशोधकांनी एक पाऊल पुढे टाकले : आराखड्यावरून आज्ञावली माणसाने लिहिण्याऐवजी संगणकानेच तयार करावी. ‘मास्टरक्राफ्ट’ ही साधने याच विचारातून आली. पण येथे एक नवाच पेच उभा राहिला. चित्राची आज्ञावली करणारा ‘जनित्र’ हीसुद्धा एक आज्ञावलीच आहे! प्रत्येक प्रकल्पाच्या गरजेप्रमाणे तिच्यात फेरफार करावे लागतात. ते वेळेवर झाले नाहीत, तर तिच्यावर अवलंबून असलेले सगळेच थांबून राहतात.

विनय कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अनुभव २०११ साली एका शोधनिबंधात मांडला. आराखड्यावर आधारलेल्या कामात निव्वळ चपळ पद्धत चालत नाही, असे त्यांनी दाखवले. सर्व काही आधी आखणे आणि फेरीगणिक ठरवणे यांमधला मार्ग म्हणून त्यांनी ‘मेटा-स्प्रिंट’ ही कल्पना सुचवली. यातून घेण्याजोगा धडा असा : ज्या गोष्टीवर इतर सर्व कामे अवलंबून असतात, तिचा विचार छोट्या फेऱ्यांच्या घाईत सोडून चालत नाही, ज्या गोष्टी वापरल्यावरच कळतात, त्या मात्र आधीच पक्क्या करू नयेत. आपल्या ग्रंथालयात ‘पुस्तक’ आणि ‘प्रत’ यांतील भेद पहिल्या प्रकारचा आहे, तर दंडाची रक्कम दुसऱ्या प्रकारची.

करून पाहा

पुस्तके शिक्षकही नेतात, आणि त्यांना दोनाची मर्यादा नसते. मग चित्रात काय बदल कराल? ‘शिक्षक’ ही वेगळी चौकट पुरेल, की दोघांना सामावणारी ‘सभासद’ ही चौकट हवी? दोन्ही चित्रे काढा, ग्रंथपाल बाईंना दाखवा, आणि त्यांनी किती चुका दाखवल्या ते मोजा. जितक्या अधिक सापडतील, तितके पुढचे श्रम वाचले असे समजा!