हुक्क्याची निगा आणि दुरुस्ती

हुगळी नदीच्या पूर्व काठावर गोविंदपूर येथे १७५८ साली नव्या फोर्ट विल्यमची उभारणी सुरू झाली आणि १७८१ च्या सुमारास ती पुरी झाली. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्गावरून २०२४ च्या अखेरीस ज्याचे नामांतर ‘विजय दुर्ग’ असे करण्यात आले, तो हाच किल्ला. त्याच्या आश्रयाने वाढलेल्या कलकत्ता शहरात अठराव्या शतकात सुखवस्तू इंग्रजांच्या घरी एक खास नोकर असे. त्याला हुक्काबरदार म्हणत. वॉरन हेस्टिंग्ज पतिपत्नींनी १७७९ मध्ये संगीत व भोजनाचे जे निमंत्रण धाडले, त्यात पाहुण्यांनी हुक्काबरदाराखेरीज दुसरा नोकर सोबत आणू नये, अशी सूचना होती. १७७७ मध्ये कलकत्त्यास आलेला वकील विल्यम हिकी याने तर, हुक्क्यावाचून राहण्यापेक्षा जेवणावाचून राहणे पत्करू असे सांगणारी माणसे आपण पाहिल्याचे नमूद केले आहे.

इतर सर्व नोकरांना मनाई आणि या एकाला मात्र मुभा, असे का व्हावे? याचे कारण प्रतिष्ठेत आहे तसेच यंत्रातही आहे. हुक्का हे वरकरणी साधे दिसणारे, परंतु रोज निगा मागणारे उपकरण होय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रजांच्या घरांतून हुक्का मागे पडला, चिरूट आला, आणि हुक्काबरदाराचा व्यवसायही लयास गेला. अनेक घरांच्या माळ्यावर वा काचेच्या कपाटात जुने हुक्के मात्र राहिले आहेत. त्यांची निगा राखावयाची तर प्रथम त्यांचे कार्य समजून घ्यावयास हवे.

रचना व कार्य

हुक्क्याचे मुख्य भाग चार. तळाशी पाण्याचे भांडे. त्यात उतरणारी उभी नळी. नळीच्या माथ्यावर तंबाखू व निखारे ठेवण्याची चिलीम. आणि भांड्याच्या वरच्या भागास जोडलेली ओढावयाची नळी. ही शेवटची नळी लांब व लवचीक असल्यास तिला सटक म्हणत. तारेच्या वेटोळ्यावर भूर्जपत्र व कापड गुंडाळून ती तयार केली जाई.

उभ्या नळीचे खालचे टोक पाण्यात सुमारे दोन ते तीन सेंटिमीटर बुडलेले असते. ओढ घेतली की पाण्यावरील पोकळीतील हवेचा दाब कमी होतो. बाहेरची हवा निखाऱ्यांतून व तंबाखूतून खाली खेचली जाते, पाण्यातून बुडबुड्यांच्या रूपाने वर येते आणि ओढणाऱ्याच्या मुखात जाते. ‘गुडगुडी’ हे नाव या बुडबुड्यांच्या आवाजावरूनच पडले आहे.

दोष कसा ओळखावा

हा आवाज म्हणजे हुक्क्याची नाडी होय, असे म्हणावयास हरकत नाही. ओढ जड लागत असेल तर दोन कारणे संभवतात : नळीत मळ साचला असेल किंवा पाणी अधिक झाले असेल. नळी जितके सेंटिमीटर बुडते, तितक्या सेंटिमीटर पाण्याच्या दाबावर ओढीने मात करावी लागते. याउलट ओढ हलकी आणि आवाज मुळीच नाही, असे आढळल्यास पाणी नळीच्या टोकाखाली गेले आहे किंवा एखाद्या सांध्यातून बाहेरची हवा आत शिरत आहे, असे समजावे.

सांध्याची परीक्षा तंबाखू व निखारा न घालताच करावी. भांडे रिकामे करावे, चिलीम उतरवून उभ्या नळीचे तोंड तळहाताने घट्ट झाकावे, सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे आणि स्वच्छ केलेल्या ओढावयाच्या नळीतून हळूच फुंकर घालावी. जेथे फेसाचे बुडबुडे उठतील तेथे फट आहे. सांधा सैल झाला असल्यास सुती दोऱ्याचे किंवा ओल्या चिंधीचे दोनचार वेढे पुरतात. नळीच चिरली असेल तर वरवरची मलमपट्टी टिकत नाही. ती बदलणेच श्रेयस्कर.

स्वच्छता

नळीत साचणारा काळसर, चिकट थर हा निव्वळ मळ नव्हे. त्यात निकोटीन असते आणि ते त्वचेतूनही शरीरात जाऊ शकते. म्हणून हातमोजे घालून काम करावे व स्वयंपाकाची भांडी त्या जागेपासून दूर ठेवावीत. दोरीला चिंधी बांधून ती उभ्या नळीतून दोन्ही बाजूंनी ओढून घ्यावी. काचेचे व पितळेचे भांडे कोमट पाणी आणि खाण्याचा सोडा यांनी धुवावे. बंगालमध्ये सामान्य लोक वापरीत तो नारळाच्या करवंटीचा हुक्का थंड पाण्याने धुऊन सावलीतच वाळवावा. उन्हात करवंटी तडकते. जुनी सटक पाण्यात बुडवू नये, कारण आतील तार गंजते व भूर्जपत्र सुटते.

बिदरी हुक्क्याच्या बाबतीत विशेष जपावे लागते. बिदरीचा धातू मुख्यतः जस्ताचा असून त्यात थोडे तांबे मिसळलेले असते. त्यावर चांदीचे जडावकाम करतात आणि बीदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या लेपाने त्यास काळा रंग आणतात. तांब्यापितळेची भांडी आपण चिंचेने वा लिंबाने उजळतो. तोच उपाय येथे केल्यास आम्लामुळे जस्त झिजते, काळी झळाळी जाते आणि कारागिराचे श्रम घटकाभरात वाया जातात. मऊ, कोरड्या कापडाने पुसणे एवढेच पुरे.

पाणी आणि धूर

आता मूळ समजुतीकडे वळू. विजापूरहून परतलेल्या असद बेगने १६०४ च्या सुमारास अकबरापुढे तंबाखू ठेवली. धूर पाण्यातून नेल्यास तो निर्दोष होतो, ही कल्पना मात्र हकीम अबुल फतह गिलानी याच्या नावावर सांगितली जाते. हा हकीम १५८९ मध्येच निवर्तला होता. तेव्हा ही आख्यायिका जपूनच स्वीकारावी लागते. समजूत मात्र चार शतके टिकली.

वस्तुस्थिती अशी, की पाणी धूर थंड करते. शुद्ध करीत नाही. बुडबुडा क्षणार्धात वर येतो आणि त्याच्या पोटातील धुराचा पाण्याशी स्पर्श जेमतेमच होतो. निखाऱ्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. थंड झालेला धूर घशाला सौम्य वाटतो, म्हणून तो अधिक खोल व अधिक वेळ ओढला जातो. तासाभराच्या एका बैठकीत एका सिगारेटच्या शंभर ते दोनशेपट आकारमानाचा धूर ओढला जाऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये निदर्शनास आणले. महाराष्ट्राने २०१८ मध्ये कायद्याने हुक्का पार्लरवर बंदी घातली.

हुक्क्याची जागा घेऊ पाहणाऱ्या विजेच्या उपकरणाविषयीही हेच म्हणता येईल. त्याच्या ‘यांत्रिक’ प्रकारात विद्युतघट थेट तारेच्या वेटोळ्यास जोडलेला असतो. प्रवाह रोखणारे मंडल त्यात नसते. ४.२ व्होल्टच्या घटास ०.२ ओहमचे वेटोळे जोडल्यास २१ अँपिअर प्रवाह वाहतो. रोध आणखी घटला की घट तापून फुटू शकतो. हुक्क्यातील दोष आवाजाने कळतो. येथे तो अपघातानेच कळण्याचा संभव असतो. भारतात २०१९ च्या कायद्याने अशा उपकरणांचे उत्पादन, विक्री, आयात व साठा यांस बंदी केली आहे. तेव्हा त्यांची घरगुती दुरुस्ती हा विषयच उरत नाही.

हुक्काबरदाराचे कौशल्य खोटे नव्हते. नळी स्वच्छ, सांधे घट्ट, पाणी मोजके, या त्याच्या नियमांत अनुभवाचे शास्त्र होते. परंतु उपकरण कितीही निर्मळ राखले तरी त्यातून येणारा धूर निर्मळ होत नाही. जुना हुक्का घरी असेल तर तो अवश्य दुरुस्त करावा, पुसावा आणि जपावा. मुलांना त्यातील हवेच्या दाबाचा नियम समजावून द्यावा. चिलीम मात्र रिकामीच ठेवावी.